सारथ्याची विद्या आणि मालकाचा तोरा

मोटार विकत घ्यावयास निघालेल्या आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत तीन प्रश्न हटकून उपस्थित होतात. एका लिटरांत ती किती किलोमीटर जाते? पांच वर्षांनीं विकल्यास किती रुपये परत येतील? आणि शेजाऱ्याच्या गाडीपेक्षां ती मोठी दिसेल कीं नाहीं? यांतला तिसरा प्रश्न उघडपणें कोणी विचारीत नाहीं. पण निर्णय बहुधा त्याच्याच कौलानें होतो. चौथा एक प्रश्न आहे आणि तो वस्तुतः पहिला असावयास हवा. ही गाडी चालविणाऱ्याच्या हाताला कशी लागते? ती त्याचें ऐकते काय, आणि त्याला कांहीं सांगते काय? हा प्रश्न जो विचारील तो घरांत थट्टेचा विषय होतो. ‘गाडी हें जाण्यायेण्याचें साधन, तिच्यांत रस तो कसला घ्यावयाचा?’ असें वडील माणसें म्हणतात. ‘चिरंजीवांना शर्यती लावावयाच्या असतील!’ असें म्हणून शेजारी डोळे मिचकावतात. आणि प्रश्न तेथेंच मिटतो.

या चौथ्या प्रश्नाची बाजू मांडावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती मांडतांना सोपें उदाहरण न घेतां सर्वांत बदनाम उदाहरण घ्यावें असें मीं ठरविलें आहे. तें म्हणजे मागील चाकांनीं ढकलली जाणारी, आकारानें लहान पण इंजिनानें दमदार अशी हॅचबॅक मोटार. उपयुक्ततावादी मंडळींच्या मतें ही गाडी म्हणजे निव्वळ उधळेपणा. नीतिवादी मंडळींच्या मतें ती म्हणजे अपघाताला धाडलेलें निमंत्रण. आणि तिचे भक्त म्हणवून घेणारे तिच्या अश्वशक्तीचे आंकडे परवचा म्हणावा तसे घडाघड म्हणून दाखवितात. माझें म्हणणें असें आहे कीं, हे तिन्ही पक्ष चुकत आहेत. आणि तिसरा पक्ष सर्वांत अधिक चुकत आहे.

प्रथम ही चीज काय आहे तें पाहूं. मोटारीच्या प्रत्येक टायराचा सुमारें तळहाताएवढा भाग काय तो कोणत्याही क्षणीं रस्त्याला टेकलेला असतो. अशा चार तळहातांवर साऱ्या कुटुंबाचा जीव तोललेला असतो. त्या रबराजवळ पकडीचें ठराविक भांडवल असतें. तें वळण्यासाठीं खर्चावें, वेग घेण्यासाठीं खर्चावें किंवा थांबण्यासाठीं खर्चावें. पण एकच रुपया दोन दुकानांत देतां येत नाहीं. ज्या गाडीला पुढलीं चाकें ओढतात, तिच्यांत त्याच दोन चाकांना वळावेंही लागतें व ओढावेंही लागतें. इंजिन बेताचें असेल तोंवर हें दुहेरी काम निभतें. ताकद वाढली कीं वळणावर जोर देतांच तीं चाकें वळणें सोडून बाहेरच्या अंगाला घसरूं लागतात आणि स्टिअरिंग हातांत हिसके देऊं लागतें. मागील चाकांनीं चालणाऱ्या गाडींत श्रमविभाग स्वच्छ असतो. पुढल्यांनीं दिशा धरावी, मागल्यांनीं रेटा द्यावा. शिवाय गाडीनें वेग घेतला कीं तिचा भार मागें सरतो, उभ्यानें प्रवास करणारा माणूस बस सुटतांच मागें झुकतो तसा. आणि ज्या चाकांना रेटावयाचें त्यांच्यावरच तो पडून त्यांची पकड वाढते.

याचा अनुभव हातापायांना येतो तो असा. स्टिअरिंगवर इंजिनाची ओढाताण नसल्यामुळें रस्त्याचा पोत बोटांना निर्मळपणें कळतो. वळणांत शिरल्यावर अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला कीं गाडी मागच्या अंगानें टेकून वळण पुरें करते. थोडा अधिक दाबला कीं तिचा मोहरा आंत येतो. आणि अविचारानें दाबला कीं तिचें शेंपूट बाहेर फेंकलें जातें. म्हणजे चालकाच्या उजव्या पायाखालीं जणूं दुसरें स्टिअरिंग असतें. हात आणि पाय यांनीं एकमेकांशीं मसलत करून काम करावें लागतें. तबल्याच्या दोन अंगांना जसा एकमेकांचा सुगावा ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार. गाडी लहान व हलकी असली म्हणजे ही मसलत अधिक जलद व अधिक स्पष्ट होते. या गाडीचें आकर्षण तें एवढेंच आहे. त्यांत ताशीं दोनशें किलोमीटरांचा कोठेंही संबंध नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. कारण पुढील सर्व वाद तिच्यावर उभा आहे.

आतां इतिहास पाहतां पुढील चाकांचा पक्ष जिंकला आहे, आणि तो न्याय्य कारणांनीं जिंकला आहे, हें कबूल केलें पाहिजे. १९५९ सालीं अ‍ॅलेक इसिगोनिस यांनीं ‘मिनी’ मोटारींत इंजिन आडवें बसविलें व पुढलीं चाकें त्याला जोडलीं. गाडीच्या पोटांतून मागें जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाहींसा झाला, बसणाऱ्यांना जागा मिळाली, वजन घटलें, खर्चही घटला. १९७६ सालीं जर्मनींत ‘गोल्फ जीटीआय’ निघाली आणि लहान दमदार हॅचबॅकचा जमाना सुरू झाला. तीही पुढल्या चाकांचीच. या प्रवाहाविरुद्ध बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २००४ सालीं आपली ‘वन सिरीज’ काढली. त्या हॅचबॅकला तिनें मागल्या चाकांची चाल दिली, आणि वरच्या प्रकारांत तीन लिटरांचें सहा सिलिंडरांचें इंजिन एका सरळ ओळींत बसविलें. २०१३ सालीं ही गाडी भारतांतही विक्रीस आली. पण आपल्या श्रीमंतांना तेवढ्याच पैशांत उंच आणि रुंद कांहीं तरी मिळत असल्यामुळें तिला येथें गिऱ्हाईक भेटलें नाहीं. २०१९ सालीं तिसरी पिढी काढतांना खुद्द कंपनीनेंच पुढल्या चाकांना शरण जाऊन हा अध्याय संपविला. मागल्या आसनावर गुडघ्यांना चार बोटें जागा अधिक मिळाली, आणि हातांना मिळणारी बातमी कमी झाली.

आपल्याकडे ही कहाणी उलट्या क्रमानें घडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून जी फियाट आणि पुढें ‘पद्मिनी’ बाहेर पडली, ती मागल्या चाकांचीच गाडी होती. चाळीसएक अश्वशक्तीचें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि मुंबईचा पाऊस! काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांच्या कित्येक पिढ्यांनीं ओल्या डांबरावर मागच्या चाकांचा स्वभाव ओळखण्याची विद्या याच गाडीवर कमावली. कोणी तिला विद्या म्हटलें नाहीं, एवढेंच. डिसेंबर १९८३ मध्यें ‘मारुती ८००’ आली आणि तिच्या पुढल्या चाकांनीं देशाला ओढून नेलें. तें सोयीचें होतें, स्वस्त होतें आणि नवशिक्यांना मानवणारेंही होतें. कुर्ल्याच्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती. ती वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली.

मधल्या काळांत एक चमत्कारिक गोष्ट घडली व ती कोणाच्या लक्षांतही आली नाहीं. २००८ सालीं टाटांनीं जी ‘नॅनो’ जाहीर केली, आणि जिच्या घडणीचें काम पुण्यांत गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालीं झालें, ती मागें इंजिन असलेली व मागल्या चाकांनीं चालणारी लहान गाडी होती. दमदार ती नव्हती. ६२४ घनसेंटिमीटरांच्या दोन सिलिंडरांकडून दम तो किती अपेक्षावा! पण सुमारें सहाशें किलोच्या त्या गाडीचें तोंड कसें हलकें व तत्पर आहे हें एकाही घरीं चर्चिलें गेलें नाहीं. ‘लाख रुपयांची गाडी’ एवढीच तिची ओळख झाली, आणि स्वस्त म्हणून ओळखली गेलेली वस्तु दारापुढें उभी करावयास मध्यमवर्ग लाजला. ही ओळख घातक ठरल्याचें स्वतः रतन टाटांनींही पुढें मान्य केलें. २०१८ सालीं तिचें उत्पादन संपलें. तिच्या अंतास दुसरींही कारणें होतीं. परंतु गाडी ही चालविण्याची वस्तु नसून मिरविण्याची वस्तु आहे, या आपल्या समजाचा याहून उघड पुरावा मला दुसरा ठाऊक नाहीं.

दमदार हॅचबॅक पुणें जिल्ह्यांतच तयार होत होत्या. चाकणला ‘पोलो’ आणि रांजणगांवला १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुंटो’. दोन्ही पुढल्या चाकांच्या, आणि दोन्ही आज बंद. आतां विजेच्या मोटारींच्या युगांत मागलीं चाकें पुनः कामाला लागलीं आहेत. कारण विजेची मोटर आकारानें लहान असते, आणि ती मागच्या आंसाशींच बसवितां येते. इसिगोनिसचा शाफ्टाविरुद्धचा आक्षेप आपोआप निकालांत निघतो. महिंद्र कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें जाहीर केलेली व चाकणला तयार होणारी ‘बीई ६’ ही अशीच मागल्या चाकांची गाडी आहे. तिच्या वरच्या प्रकारास सुमारें २८० अश्वशक्ति आहे. कंपनी तिला एस. यू. व्ही. म्हणते आणि ती बरीच जड आहे. तरी मागला दरवाजा वर उघडणारी, मागल्या चाकांची, दमदार, आणि महाराष्ट्रांत जन्मलेली अशी गाडी आज आपल्या मुलांच्या हातीं पडत आहे. तेव्हां हा वाद विलायती शौकिनांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या अंगणांत आला आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप उपयुक्ततेचा. आक्षेपक आपणांस हात धरून वरसाव्याच्या चौकांत नेऊन उभा करतो. एका अंगानें दहिसरकडून आलेला अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या अंगानें ठाण्याहून आलेला घोडबंदर रस्ता, आणि समोर वसईची खाडी. २०२३ सालीं खाडीवर नवा पूल खुला झाला तरी चौकांतली दाटी पुरती हटलेली नाहीं. कंटेनर, टँकर, दुधाचे टेंपो, शाळांच्या बसेस, आणि त्यांच्या फटींतून घुसणाऱ्या मोटारसायकली. ‘तुमची ती मागल्या चाकांची रसवंती येथें पहिल्या गिअरांत अर्धा तास उभी राहणार,’ आक्षेपक म्हणतो, ‘मग दोनशें ऐंशीं घोडे काय चाटावयाचे?’

आक्षेपकाचा उत्तरार्ध मला संपूर्ण मान्य आहे. दोनशें ऐंशीं घोड्यांची वरसाव्याला गरज नाहीं, आणि माझा पक्ष घोड्यांचा नाहींच. पण त्याच चौकांतून गाडी ठाण्याच्या दिशेला काढा. डावीकडे खाडी, उजवीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि गायमुखापाशीं रस्ता घाटासारखा चढतो, वळतो, उतरतो. तेथें कायद्याच्या मर्यादेंत, ताशीं चाळीसच्या वेगानें जातांनाही गाडीचा भार एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकत असतो. उतारावर ब्रेक लावला कीं तो पुढें येतो, वळणावर बाहेर जातो, चढावर मागें बसतो. ज्याला हें कळतें तो खड्डा येण्यापूर्वींच पाय सैल करतो. मागल्या आसनावरच्या आजींची मान झटका खात नाहीं. ज्याला कळत नाहीं तो त्याच चाळीसच्या वेगानें सर्वांना हेलकावे देत नेतो. रस उपभोगावयास वेग लागतो हा समज गाणें उपभोगावयास मोठा आवाज लागतो या समजासारखाच अडाणी आहे.

जपानांतील एक उदाहरण येथें द्यावेंसें वाटतें. टोयोटा कंपनीनें १९८३ सालीं कोरोला मालिकेंत ‘एई-८६’ या सांकेतिक नांवाची गाडी काढली. इंजिन अवघें १.६ लिटरांचें, चाल मागल्या चाकांची, वजन एक टनाच्या आंत. १९९५ पासून शुइची शिगेनो यांनीं ‘इनिशियल डी’ ही चित्रकथामाला सुरू केली, तिच्यांत ही गाडी जगप्रसिद्ध झाली. कथानायक टोफू विकणाऱ्याचा मुलगा. पहांटे घाटरस्त्यानें टोफू पोंचवितां पोंचवितां तो गाडी शिकला. बाप गाडींत पाण्याचा पेला ठेवून देई. पाणी सांडतां कामा नये, म्हणजे टोफू मोडणार नाहीं, एवढीच शिकवण! पुढें तो मुलगा शर्यती जिंकतो, आणि आमच्या पोरांना तेवढेंच आठवतें. पण विद्या पेल्यांत होती. तेलानें काठोकाठ भरलेली वाटी घेऊन प्रदक्षिणा करणाऱ्याची गोष्ट आपल्या कीर्तनकारांनीं घरोघर पोंचविली आहे; चित्त एकाग्र कसें असावें हें सांगण्यासाठीं तिच्याहून चांगला दृष्टान्त त्यांना सांपडला नाहीं. मोटार चालवितांना तीच वाटी आपल्या मांडीवर असते. मागल्या चाकांची हलकी गाडी ती सांडल्याचें तत्काळ सांगते; इतर गाड्या तें झांकून ठेवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारण तो जीविताचा आहे. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील सुमारें ७१ टक्के मृत्यु अतिवेगाच्या सदरांत नोंदले आहेत. वरसाव्याहून उत्तरेस जाणारा महामार्ग तर या बाबतींत कुप्रसिद्धच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं त्याच महामार्गावर, पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ‘असें असतां चालविण्याच्या आनंदाची भलामण करणें हा गुन्हा नव्हे काय?’ असें नीतिवादी विचारतो. तो पुढें असेंही म्हणतो कीं, ओल्या रस्त्यावर मागल्या चाकांची गाडी अधिक फसवी असते. पुढल्या चाकांची गाडी घसरूं लागली तर पाय काढला कीं बहुधा सांवरते, पण मागच्या चाकांचें शेंपूट सुटलें तर उलट्या बाजूस स्टिअरिंग फिरविण्याचें ज्ञान लागतें.

हें शेवटलें विधान खरें आहे, आणि त्याला मी कांहीं उत्तर शोधणार नाहीं. न शिकलेल्या माणसाला पुढल्या चाकांची गाडी अधिक क्षमा करते. आजकाल संगणकाचा पहारेकरी चाकांवर नजर ठेवून घसरण आंवरतो हें खरें. पण पहारेकरी पदार्थविज्ञानाचे नियम बदलूं शकत नाहीं. तेव्हां ज्याला शिकावयाचें नाहीं त्यानें असली गाडी घेऊं नये, हा माझाही आग्रह आहे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष काय? ‘शिकूं नका’ हा, कीं ‘शिका’ हा? पोहतां न येणारे बुडतात म्हणून आपण विहिरी बुजवीत नाहीं.

आणि मरणाऱ्यांचे आंकडे नीट वाचले तर ते आक्षेपकाच्या बाजूनें फारसे बोलत नाहींत. त्या वर्षींच्या मृतांत सर्वांत मोठा वाटा, सुमारें ४४ टक्के, दुचाकीवरील माणसांचा होता. त्यांच्या खालोखाल पायीं चालणारीं माणसें होतीं. सूर्या नदीवरच्या त्या अपघातांतली गाडी सर्व आधुनिक संरक्षक साधनांनीं सज्ज होती. मागल्या आसनावरील दोघांनीं पट्टे मात्र बांधलेले नव्हते, आणि तेच दोघे गेले. येथें चालविण्याचा अतिरिक्त रस कोठें होता? जें नव्हतें तें भान होतें. वेग ज्याला हातापायांत जाणवतो त्याला त्याची भीतिही कळते. ज्याला तो केवळ समोरच्या पडद्यावरील आंकडा म्हणून दिसतो, त्याला भीति कळण्याचा मार्ग एकच उरतो. आणि तो फार महाग पडतो. चालविण्याचा रस शिकविला कीं अपघात थांबतील असा दावा मी करीत नाहीं. रस्ते, दिवे, दुभाजक, पोलीस यांचेंही काम त्यांत आहे. माझा दावा एवढाच कीं, रसाला दाबून टाकल्यानें वेग कमी होत नाहीं. ज्याला वळणाची गोडी ठाऊक नाहीं तो सरळ रस्त्यावर वेगाची नशा शोधतो.

१९ मे २०२४ च्या पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत काय झालें तें सर्वांस विदित आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातीं कोट्यवधींची पोर्शे होती. मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. आणि प्रारंभीं जामीन देतांना घातलेल्या अटींत रस्ते-अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. निबंध तपासण्यांत ज्याचा जन्म गेला त्या माझ्यासारख्या मास्तराला त्या अटीचें हसूंही आलें नाहीं. लोक संतापले तें योग्यच. पण संतापाच्या भरांत सर्वांनीं गाडीला आणि वेगाला शिव्या दिल्या. त्या मुलानें गाडी चालविण्याची विद्या कोणापाशीं, किती दिवस, कोणत्या रस्त्यावर शिकली होती, हा प्रश्न मागेंच राहिला. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीनाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड ठरविला आहे. कायदा आहे, पण ज्या घरांत गाडीची किल्ली हें लाडाचें बक्षीस आहे आणि शिक्षण हा परवान्यापुरता सोपस्कार आहे, तेथें कायदा दाराबाहेर उभा राहतो.

याचें मूळ आपल्या एका जुन्या खोडींत आहे. गाडीचा मालक असणें ही आपल्याकडे प्रतिष्ठा, आणि गाडी चालविणें हें ‘ड्रायव्हरचें काम’. हातानें करावयाच्या प्रत्येक कामाविषयीं जी तुच्छता आपण शतकानुशतकें जोपासली, तीच येथें नवा वेष घेऊन बसली आहे. आणि गंमत अशी कीं, ही तुच्छता बाळगणारीं घरें रोज सकाळीं ज्या ग्रंथाला नमस्कार करतात, त्यांत प्रत्यक्ष भगवंतानें पत्करलेलें काम सारथ्याचें आहे! ‘पार्थसारथि’ हें नांव आपण भक्तीनें मुलांना ठेवतों, आणि बिदागी देतांना सारथ्याकडे बघतही नाहीं.

महाभारतांतलें नलाचें आख्यान आठवा. राज्य गेलें, रूप गेलें, बाहुक या नांवानें तो ऋतुपर्णाच्या पदरीं राहिला. पण अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचें मर्म जाणण्याची विद्या, त्याच्यापाशीं उरली होती. अयोध्येहून विदर्भांत जातांना ऋतुपर्णाचें उत्तरीय गळून पडलें. थांब म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढें आला होता. तेवढी वेगाची कथा पोरेंसोरेंही सांगतात. तिचा उत्तरभाग अधिक मोलाचा आहे. रथ कुंडिनपुरांत शिरला तेव्हां दमयंतीनें नलाला पाहिलेलें नव्हतें. तिनें रथाचा नुसता घोष ऐकला आणि तिच्या मनानें ओळखलें कीं हा हात नलाचा आहे. राजेपण हरपलें तरी सारथ्यपणानें माणूस ओळखूं आला. चालविण्याच्या ढंगांत चालविणाऱ्याचें शील उमटतें, असें मानणारी ही संस्कृति होती. आणि आपण तिचे वारस म्हणवितों.

तेथून आजच्या बाजारांत या. विजेच्या गाडीला आवाज नसतो म्हणून कारखानदार ध्वनिक्षेपकांतून आवाज देऊं लागले आहेत. महिंद्रांच्या नव्या गाड्यांसाठीं ए. आर. रहमान यांच्यासारख्या थोर संगीतकाराकडून ध्वनि करून घेतले आहेत. रहमान यांच्या कलेविषयीं मला आदर आहे. परंतु चाकांशीं ज्याचें नातें नाहीं असा घोष ऐकून दमयंतीनें कोणाला ओळखावें? विक्रेता सांगतो कीं शून्यापासून शंभरापर्यंत ही गाडी सात सेकंदांच्या आंत पोंचते. वरसाव्याच्या चौकांत त्या सेकंदांचें काय करावयाचें तें तो सांगत नाहीं. स्टिअरिंगमधून रस्ता कसा कळतो, ओल्या वळणावर मागलें चाक सुटण्यापूर्वीं कोणती सूचना देतें, याविषयीं त्याच्या माहितीपत्रकांत एक ओळ नसते. कारण ती गोष्ट आंकड्यांत मावत नाहीं, आणि आंकड्यांत न मावणारें विकण्याची त्याची तयारी नाहीं. भक्तमंडळी तेच आंकडे घेऊन फिरतात. म्हणून मीं आरंभीं म्हटलें कीं तिसरा पक्ष सर्वांत अधिक चुकत आहे. उपयुक्ततावाद्याला रस नको आहे. नीतिवाद्याला त्याची भीति वाटते. पण हे त्याचें नांव घेऊन दुसरेंच कांहीं विकतात.

तिसरा आक्षेप पैशाचा व इंधनाचा. गरीब देशांत असली हौस शोभते काय? यावर माझा प्रतिप्रश्न आहे. दोन माणसांना कचेरींत नेण्यासाठीं आज जी उंच, जड, रस्ता अडविणारी वाहनें घरोघर आणलीं जात आहेत, तीं कोणत्या काटकसरीचें लक्षण आहेत? वजन वाढलें कीं इंधन किंवा वीज अधिक लागते, थांबावयास अधिक जोर लागतो, आणि समोरच्या पादचाऱ्याला बसणारा धक्का अधिक प्राणघातक होतो. ज्याला चालविण्याची गोडी कळली तो स्वभावतःच लहान, ठेंगणी व हलकी गाडी मागतो. कारण जडपणा त्याच्या हाताला खुपतो. त्याची रसिकता आणि देशाची काटकसर यांचें येथें वैर नाहीं. म्हणून चाकणच्या अभियंत्यांपाशीं माझें मागणें एकच आहे. मागल्या चाकांची ही विद्या तुम्हांला पुनः गवसली आहे. आतां तिला उंच आणि अवजड देहांतून सोडवा. शंभरएक अश्वशक्तीची, हलकी, बेताच्या किंमतीची एक हॅचबॅक घडवा, आणि तिच्या जाहिरातींत सेकंदांचा उल्लेख करूं नका.

पालकांपाशीं मागणें याहून साधें आहे. मुलगा वा मुलगी अठराव्या वर्षीं गाडी मागेल, तेव्हां मैदानांत चार फेऱ्या मारून मिळणाऱ्या परवान्यावर समाधान मानूं नका. जाणत्या शिक्षकाच्या शेजारीं बसवून, मोकळ्या जागीं, ओल्या जमिनीवर, ताशीं तीसच्या वेगानें गाडी घसरूं द्या आणि सांवरावयास शिकवा. घाट दिवसा दाखवा, मग रात्रीं दाखवा. मागच्या आसनावर पाण्याचा पेला घेऊन स्वतः बसा. पाणी सांडलें तर किल्ली परत घ्या. न सांडतां वरसाव्याहून ठाण्याला पोंचविलें तर मुलाची पाठ थोपटा, आणि ती अशा आवाजांत थोपटा कीं शेजाऱ्यांना ऐकूं जाईल. नवी गाडी दारांत आल्यावर जे पेढे आपण वांटतों, ते त्या दिवशीं वांटावे.